फलाशेचे व्याकरण: 'फेबल'च्या दोन पाठांच्या निमित्ताने

कथनात्म साहित्यातील नैतिक निवडीची चर्चा करताना आपली समीक्षा एक गोष्ट न बोलता गृहीत धरीत आली आहे. निवड करणारा आणि तिचे फळ भोगणारा हे दोघेही संहितेच्या आत असतात आणि वाचक त्या दोघांच्याही बाहेर असतो, ही ती गोष्ट होय. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाच्या आख्यानात अजीगर्त शंभर गायी घेऊन आपला मधला मुलगा विकतो. त्याला यूपाला बांधावयास कोणी पुढे येईना, तेव्हा आणखी शंभर गायी घेऊन तो स्वतः त्याला बांधतो. आणि वध करावयास कोणी मिळेना, तेव्हा तिसऱ्या शंभर गायींच्या बोलीवर शस्त्र परजीत पोटच्या पोरासमोर उभा राहतो. हे आख्यान वाचताना आपला जीव कासावीस होतो. आपण अजीगर्ताचा निवाडा करतो, त्याच्या उपासमारीचा विचार मनात आला तर तो निवाडा थोडा सौम्यही करतो. पण त्या तीनशे गायींपैकी एकही गाय आपल्या दावणीला येत नाही. काव्यन्यायाची कल्पना, बोधवादावर घेतले गेलेले आक्षेप, फडके-खांडेकर वादात दोन्ही बाजूंनी मांडल्या गेलेल्या भूमिका, ही सर्व चर्चा वाचक आणि फळ यांच्यातील या अंतराच्या भरवशावर चाललेली आहे.

ज्या संहितेत हे अंतर उरतच नाही, तिच्याविषयी काय म्हणावयाचे? रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखले जाणारे अद्भुतरम्य व्हिडिओ गेम हा अशा संहितांचा एक मोठा वर्ग आहे. येथे वाचकाच्या जागी खेळाडू असतो. तो नायकाला चालवतो, त्याच्या वतीने उत्तरे देतो, त्याच्यासाठी शस्त्रे निवडतो. नायक बलवान झाला की खेळाडूच्या हातालाही पूर्वी न जमणाऱ्या गोष्टी जमू लागतात. तलवार मिळते ती कथेतल्या नायकाला, पण ती वापरतो खेळाडू. अजीगर्ताच्या गायी जणू वाचकाच्याच गोठ्यात येऊन उभ्या राहतात. फळ हा येथे आशयाचा घटक असतो, त्याचबरोबर संहितेत पुढे सरकण्याचे साधनही असतो; आणि ही दुहेरी भूमिका लक्षात न घेता या खेळांतील पापपुण्याची चर्चा केली, तर ती केवळ कथासाराची चर्चा होते. माझ्या मते अशा संहितेचे नैतिक गांभीर्य ती पाप किती भयाण रंगवते यावर अवलंबून नसते. खेळाडूने जे सोडले ते संहिता त्याला दुसऱ्या वाटेने परत करते की नाही, हे पाहावयास हवे. ही गोष्ट तपासून पाहण्यास 'फेबल' हा खेळ विशेष सोयीचा आहे, कारण त्याचे एका वर्षाच्या अंतराने प्रसिद्ध झालेले दोन पाठ उपलब्ध आहेत आणि नेमक्या याच स्थळी त्यांच्यात भेद आहे.

'फेबल' लायनहेड स्टुडिओज या ब्रिटिश संस्थेचा. पीटर मॉलिन्यू हे त्यामागचे सर्वांत परिचित नाव. एक्सबॉक्स या यंत्रासाठी तो २००४ मध्ये आला; २००५ मध्ये 'फेबल: द लॉस्ट चॅप्टर्स' या नावाने त्याचा विस्तारित पाठ निघाला. अल्बियन नावाच्या कल्पित देशातील ओकव्हेल या गावी कथेचा आरंभ होतो. नायक अजून लहान मुलगा आहे. मोठी बहीण थेरेसा हिचा वाढदिवस आहे आणि तिच्यासाठी त्याने काही आणलेले नाही. बाप त्याला सांगतो की, प्रत्येक चांगल्या कामामागे मी तुला एकेक सुवर्णनाणे देईन. मुलगा गावात फिरू लागतो. कोणा बाईला तिचा नवरा सापडत नसतो. तो घरामागे दुसऱ्या बाईच्या मिठीत सापडतो आणि गप्प बसण्याबद्दल मुलाच्या हातावर नाणे ठेवू पाहतो. कोणी व्यापारी आपल्या पिंपांवर क्षणभर लक्ष ठेवावयास सांगतो, तर ती पिंपे फोडण्याचा मोह लागलीच समोर येतो. चहाडी करावी की लाच घ्यावी, राखण करावी की नासधूस, काहीही केले तरी भेटीपुरती नाणी जमतात. त्या नाण्यांवर ती कोठून आली याची खूण नसते. चॉकलेटचा डबा विकणारा ती मुकाट्याने घेतो, बहीण डबा आनंदाने स्वीकारते, आणि थोड्याच वेळात दरोडेखोर गाव जाळून टाकतात.

हा आरंभ वरवर पाहता खेळाडूला कळा कशा दाबाव्यात हे शिकवणारा सराव आहे, आणि बहुतेकांनी तो तसाच घेतला असावा. परंतु संहितेचे सारे व्याकरण त्यात आलेले आहे. कर्म, त्याचा मोबदला आणि त्या मोबदल्याचे बहिणीशी असलेले नाते ही तीनही पदे पहिल्या घटकेतच मांडली जातात. आणि अखेरच्या प्रसंगात तीच पदे उलट्या क्रमाने परत येतात. जॅक ऑफ ब्लेड्स हा खलनायक नायकाच्या आईचा बळी घेऊन एका प्राचीन तलवारीत सामर्थ्य आणू पाहतो, कारण ती तलवार जागी होण्यास त्याच कुळाचे रक्त लागते. नायक त्याला मारतो. तलवार आता नायकापाशी असते, आणि समोर थेरेसा असते, दरोडेखोरांनी डोळे काढल्यामुळे आंधळी झालेली. तिला मारले तर तलवारीचे पूर्ण सामर्थ्य त्याचे होते. न मारता तलवार समोरच्या भोवऱ्यात भिरकावून दिली, तर ती कायमची जाते. पहिल्या प्रसंगात बहिणीसाठी काही तरी मिळवावयाचे होते. येथे बहिणीच्या मोबदल्यात काही तरी मिळते.

या 'सोर्ड ऑफ ईऑन्स'पेक्षा प्रभावी शस्त्र २००४ च्या पाठात नाही. तिच्या प्रहारापुढे नायकाने तोवर कष्टाने जमवलेली शस्त्रे खेळण्यातली वाटावीत. पण ती मिळते केव्हा? मुख्य शत्रू पडल्यानंतर, कथानक संपल्यानंतर. जिच्यासाठी बहिणीचा जीव घ्यावयाचा, तिच्यासाठी शिल्लक राहिलेले असतात ते रस्त्यावरचे किरकोळ लुटारू आणि रानातले प्राणी. या रचनेला अनेकांनी दोष दिला असता, आणि निव्वळ क्रीडेच्या दृष्टीने तो दोष आहेही. साहित्यकृती म्हणून विचार केला तर मात्र या प्रसंगाची सगळी ताकद मला याच दोषात दिसते. तलवारीची गरज उरलेली नाही, तरीही ती हवीशी वाटते. येथे खेळाडूची परीक्षा त्याच्या अडचणीत घेतली जात नाही. अडचण असती तर आपद्धर्माचा आधार मिळाला असता. आणखी एक राक्षस उरला आहे, जगाचे रक्षण करावयाचे आहे, म्हणून एक जीव द्यावा लागला, असे स्वतःस सांगता आले असते. तसे काहीच सांगावयास जागा न ठेवता केवळ हव्यास उघडा पाडला जातो. जॅकने आईशी जे केले तेच नायक बहिणीशी करतो, आणि जॅकला निदान काही बेत तरी होता.

जो तलवार टाकून देतो त्याला काय मिळते? थेरेसा जिवंत राहते, एवढेच. यंत्राच्या भाषेत मोजता येईल असे त्याच्या हाती काही पडत नाही, आणि आपल्यापाशी नसलेल्या शस्त्राची जाणीव त्याच्यापाशी राहते.

२००५ च्या पाठात दोन बदल झाले. ते एकाच वेळी झाले, याला माझ्या दृष्टीने फार महत्त्व आहे. पहिला असा की जॅकच्या मृत्यूनंतर कथा पुढे चालू राहते: नायक उत्तरेकडील हिमप्रदेशात जातो आणि अखेरीस जॅक अजगरासारख्या महाकाय ड्रॅगनच्या रूपात परत येतो. म्हणजे तलवारीला काम मिळाले. दुसरा बदल असा की ज्याने तलवार टाकून दिली, त्याच्यासाठी पुढील कथाभागात 'आव्होज टिअर' नावाची दुसरी तलवार ठेवण्यात आली. आव्हो ही अल्बियनमधील सत्प्रवृत्तीची देवता. ही तलवार पहिलीच्याच पंक्तीला बसणारी आहे. फरक असलाच तर तो तिच्या तेजाच्या रंगात आणि नावात आहे. आता बहिणीला मारणारा आणि वाचवणारा असे दोन्ही नायक ड्रॅगनपुढे सारख्याच तयारीनिशी उभे राहतात. ज्या निवडीवर सारी कथा रचली होती, तिचा परिणाम म्यानापुरता उरला.

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. त्या कामामुळे पाठचिकित्सेचे जे संकेत मराठी अभ्यासकांच्या परिचयाचे झाले, त्यांत कठीण पाठ अधिक ग्राह्य मानण्याचा एक संकेत आहे. लेखनिक सोप्याचे कठीण करीत नाही. त्याला जे अडते, खुपते, ते तो सारखे करून टाकतो. हा संकेत शब्दपाठासाठी आहे आणि तो येथे लावणे थोडे स्वैर आहे, हे मान्य केले तरी २००५ च्या पाठातील दुसरी तलवार ही मला अशाच लेखनिकाच्या हाताची खूण वाटते. येथे पाठ बदलणारे हात मूळ कर्त्यांचेच आहेत, म्हणून त्याला प्रक्षेप म्हणता येत नाही. तरीही बदलामागची वृत्ती तीच आहे: सज्जन खेळाडूवर अन्याय झाला आहे, तो दूर केला पाहिजे. काव्यन्यायाची मागणी येथे ग्राहकाच्या तक्रारीचे रूप घेऊन येते. शिवाय ती वाजवीही दिसते, कारण ज्याने पैसे देऊन खेळ घेतला त्याला केवळ भला वागला म्हणून दुबळे का ठेवावे? पण या प्रश्नाचे उत्तर 'भला वागला म्हणूनच' असे देण्याची हिंमत २००४ च्या संहितेत होती.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला एका भावाचा जीव मागावयास सांगतो. युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो. दहा हजार हत्तींचे बळ असलेला भीम सोडून, ज्याच्या बाहुबलावर सर्वांची भिस्त आहे तो अर्जुन सोडून, नकुल कशाला, असे यक्ष विचारतो. कुंतीचा एक पुत्र मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा, हे उत्तर ऐकून यक्ष चौघांनाही उठवतो. म्हणजे युधिष्ठिराने सामर्थ्य सोडले आणि ते सगळे त्याला परत मिळाले. परत देणाराही धर्मच. मग आव्होने तलवार दिली तर बिघडले कोठे? युधिष्ठिराला जसे पुढचे माहीत नव्हते, तसे पहिल्यांदा खेळणाऱ्यालाही दुसऱ्या तलवारीविषयी माहीत नसते. त्याचा त्याग तेवढाच खरा आहे, असेही म्हणता येईल.

हा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही. पहिल्या खेळापुरता तो मला मान्यही आहे. परंतु यक्षाने उठवलेले भीमार्जुन श्रोत्याच्या मदतीला येत नाहीत; श्रोत्याच्या पदरी पडतो तो माद्रीविषयीचा युक्तिवाद आणि तो ऐकल्यावर दाटून येणारा गळा. भावांचे जिवंत होणे हे त्या युक्तिवादावर उमटवलेले शिक्कामोर्तब असते, त्याची किंमत नसते. खेळात युक्तिवाद करणारा आणि भाऊ परत मिळवणारा एकच असतो, आणि तो पुन्हा सरोवराकाठी येऊ शकतो. दुसऱ्या खेपेस त्याला यक्ष कोण हे ठाऊक असते. ज्या युधिष्ठिराला यक्षाचे उत्तर पाठ आहे, त्याने घेतलेले नकुलाचे नाव हा निव्वळ हिशेब होय. पुनर्वाचनाने कादंबरीतील नैतिक प्रसंग गहिरा होतो. पुनःक्रीडेने तो, भरपाईची सोय असेल तर, विरळ होत जातो. माध्यमाच्या या स्वभावामुळेच कर्त्यावर अधिक जबाबदारी येते.

ही भरपाईची वृत्ती एकट्या 'फेबल'ची आहे असे नाही. २००७ मधील 'बायोशॉक' हा खेळ अद्भुतरम्य भूमिका-खेळांच्या वर्गात काटेकोरपणे बसत नाही, पण त्यातील आकडे इतके बोलके आहेत की त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. त्यात लहान मुलींच्या शरीरात वाढणारे अ‍ॅडम नावाचे द्रव्य हे खेळाडूच्या सामर्थ्याचे चलन आहे. मुलीचा बळी घेतला तर १६० अ‍ॅडम मिळते, तिला वाचवले तर ८०. निम्म्याने घट, म्हणजे त्यागाला काही अर्थ आहे असे वाटते. पण दर तीन मुली वाचवल्या की भेट म्हणून २०० अ‍ॅडम येते. तीन बळींचे ४८०, तीन सुटकांचे ४४०, आणि भेटीच्या पेटीत इतरही उपयुक्त वस्तू. कर्तव्याची आणि स्वार्थाची बेरीज इतकी जवळ आणून ठेवल्यावर निवडीत उरते काय? क्लिंट हॉकिंग यांनी त्याच वर्षी या खेळावर लिहिताना कथन आणि क्रीडा यांतील विसंवादासाठी एक संज्ञा रूढ केली. त्यांचा रोख थोडा निराळा होता. मला येथे विसंवादापेक्षा अतिसंवाद अधिक जाचतो: कथेने वाखाणलेली गोष्ट क्रीडेनेही लगोलग फायद्याची करून टाकावी, हा.

'फेबल'मध्ये तर पापाची नोंदच विकत फेडता येते. नायकाच्या कर्मांप्रमाणे त्याचे रूप बदलते. दुष्टाला शिंगे फुटतात, सज्जनाच्या मस्तकाभोवती तेजोवलय येते. ही कल्पना गमतीची आहे. पण आव्होच्या मंदिरात सुवर्णनाणी दान केली की पुण्याचा आकडा चढतो, आणि पुरेसे धन असेल तर बहिणीचा मारेकरीही शिंगे घालवून वलय मिळवू शकतो. दानाने पाप धुण्याची कल्पना आपणास अपरिचित नाही, तेव्हा याची फार टवाळी करण्यात अर्थ नाही. तलवार मात्र त्याच्याचपाशी राहते, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

फळ आणि नीती यांची ही गाठ कोठे बसली? १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फासे यांनी खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पात्राचा 'अनुभव' आकड्यांत मोजला जाई आणि तो शत्रू मारून, पण त्याहून अधिक खजिना हस्तगत करून वाढे. अनुभव याचा अर्थ धन, आणि धन म्हणजे बळ, हे समीकरण या परंपरेच्या पायातच आहे. याच खेळासाठी लॉरेन्स शिक यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या एका साहसकथेत ब्लॅकरेझर नावाची, आत्मे गिळणारी तलवार येते. २००० सालच्या 'बाल्डर्स गेट २' मध्ये नरकलोकात नायकाच्या पाच परीक्षा होतात. त्यांपैकी लोभाच्या परीक्षेत हीच तलवार त्याच्या हाती दिली जाते. ती देऊन टाकली तर एक बद्ध जिन मुक्त होतो. ठेवावयाची तर त्याला मारावे लागते, आणि तसे केल्यास नायकाच्या स्वभावाची नोंदच बदलून दुष्ट अशी होते. प्रसंग चांगला रचलेला आहे. पण तेथेही सन्मार्गाने गेलेल्याला कायमस्वरूपी गुणवृद्धी मिळतेच. नरकातील परीक्षकाकडेही उत्तेजनार्थ बक्षिसे असावीत, याचे थोडे हसू येते.

यापेक्षा अधिक खोल प्रयत्न त्याआधीच झाला होता. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ मधील 'अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार' या खेळात वध करावयाचा खलनायक नाही. नायकाला सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि विनय हे आठ सद्गुण अंगी आणून 'अवतार' व्हावयाचे असते. शब्द आपला आहे. अर्थ मात्र उलटा झाला आहे, कारण आपल्याकडे अवतार खाली उतरतो आणि येथे माणूस वर चढतो. सद्गुण हेच येथे प्रगतीचे माप असल्याने फळ वेगळे देण्याचा प्रश्न मिटला असे वाटेल. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या मोक्षपटातही सद्गुण हीच शिडी असते. पण मोक्षपटात कवडी पडेल तसे जावयाचे, तेथे निवड नाही. येथे निवड आहे, आणि म्हणून हिशेबही आहे. भिकाऱ्याला एक नाणे दिले तरी करुणा वाढते. आंधळ्या वाणिणीला वनौषधींचे पैसे खेळाडूने स्वतः मोजून द्यावयाचे असतात. तिला फसवणे अगदी सोपे, आणि फसवल्याची नोंद कोठेतरी होत राहते. गॅरियट यांनी हे आकडे लपवून ठेवले. आपण कोठवर आलो हे राजवाड्यातील द्रष्टा केवळ शब्दांत सांगतो. लपवलेले आकडे खेळाडूंनी पुढे शोधून काढलेच. तरी लपवण्यामागची जाण मोलाची आहे.

याच खेळात एका कवटीची योजना आहे. माँडेन या मृत मांत्रिकाची ही कवटी. दोन्ही चंद्रांची अमावास्या असताना समुद्रात एका ठराविक जागी शोध घेतला तर ती सापडते. ती वापरली की दृष्टिक्षेपातील सर्व जीव मरतात, आणि आठही सद्गुणांत घट होते. ती पाताळविवराच्या मुखाशी नष्ट केली तर सद्गुण वाढतात. खेळ पुरा करण्यास तिची मुळीच गरज नाही. ती न शोधताही अवतार होता येते. तरी जो एवढा खटाटोप करून ती मिळवतो, तो जहाज घेऊन हिंडताना तिचे ओझे बाळगीत असतो. ती वापरण्याची मुभा त्याला प्रत्येक लढाईत आहे, ती न वापरण्याचे काम त्याला प्रत्येक लढाईत करावे लागते. 'फेबल'मधील तलवारीचा प्रश्न एका क्षणात निकालात निघतो. येथे प्रश्न कप्तानाच्या खोलीत पडून राहतो. नष्ट करण्याबद्दल सद्गुण वाढवून देणे टाळले असते तर बरे झाले असते, पण तेवढ्याने या योजनेचे तेज कमी होत नाही.

आता स्मृतीचा प्रश्न. खेळ मधल्या टप्प्यावर जतन करून ठेवता येतो आणि नको झालेला भाग पुसून तेथून परत सुरू करता येतो. या सोयीमुळे निवड अपरिवर्तनीय राहत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तिचे टोक मात्र २००९ मधील 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'ने गाठले. त्यात कॉनर नावाच्या लहान मुलाला एका पिशाचीने झपाटलेले असते. मुलाच्या स्वप्नलोकात शिरलेल्या जादूगारापुढे ती सौदा मांडते: मी आज निघून जाते, पुढे कधीतरी याच्यासाठी परत येईन; त्याबदल्यात मी तुला रक्तविद्या देते. सौद्याची भाषा, पिशाचीचा लाघवीपणा, मुलाच्या भवितव्यावर मारलेली सही, सर्व उत्तम आहे. पण यंत्राच्या हिशेबवहीत रक्तविद्येचा दरवाजा एकदा उघडला की तो उघडाच राहतो, मग खेळ मागे नेला तरीही. त्यामुळे कित्येकांनी असे केले: खेळ जतन केला, मूल विकले, विद्या पदरात पाडली, खेळ मागे नेला, आणि निष्कलंक हातांनी मुलाला वाचवले. पाप घडले नाही, फळ मात्र राहिले. अजीगर्तालाही हे साधले नसते. यामागे कोणाचा हेतू नसावा, यंत्रणेच्या एका खात्याला दुसऱ्याचा पत्ता नव्हता इतकेच. पण संहितेचा अर्थ हेतूवर अवलंबून नसतो, हे आपण समीक्षेत फार पूर्वी मान्य केले आहे.

टोबी फॉक्स यांच्या २०१५ मधील 'अंडरटेल'ने नेमके या पळवाटेवर बोट ठेवले. आरंभी नायकाला आईच्या मायेने सांभाळणाऱ्या टोरिएलशी लढण्याचा प्रसंग येतो. पुष्कळजण तिला मारतात, हळहळतात, खेळ मागे नेतात आणि दुसऱ्या खेपेस तिला वाचवतात. त्यानंतर फ्लावी नावाचे बोलणारे फूल समोर येते आणि तू तिला मारले होतेस व पश्चात्ताप होऊन परत आलास, हे मला ठाऊक आहे, असे सुनावते. पुसलेले पान संहितेने वाचलेले असते. पुढे या खेळात ज्याला आपण इतका वेळ अनुभव आणि पातळी समजत होतो त्या इंग्रजी आद्याक्षरांचा खुलासा होतो: पहिली अक्षरे वधाच्या मोजमापाची, दुसरी हिंसेच्या पातळीची. १९७४ पासून चालत आलेले चलन येथे प्रथमच आपले खरे नाव सांगते. सर्वांना मारून टाकण्याच्या मार्गाने शेवटपर्यंत गेलेल्याला आपला आत्मा द्यावा लागतो, आणि त्यानंतर कितीही सज्जनपणे खेळले तरी सुखान्तावर त्याचा डाग राहतो.

हा खेळ मी वरच्या दर्जाचा मानतो, तरी त्याविषयी माझ्या मनात एक शंका आहे. शिक्षा होते ती क्रौर्याला की कुतूहलाला? सर्वांना मारण्याच्या वाटेवर जाणारा बहुधा दुष्टपणाने जात नाही. तेथे काय लिहून ठेवले आहे हे त्याला पाहावयाचे असते, आणि ते कर्त्यानेच लिहून ठेवलेले असते. वाचकाने पान उलटले म्हणून त्याला दोषी धरणाऱ्या पुस्तकासारखे हे आहे. मिगेल सिकार्ट यांनी 'द एथिक्स ऑफ कम्प्यूटर गेम्स' या २००९ मधील ग्रंथात खेळाडूला नैतिक कर्ता मानावे असे प्रतिपादन केले आहे आणि ते मला पटते. पण कर्ता मानणे म्हणजे सतत आरोपी मानणे नव्हे. सी. थी न्युएन यांची २०२० मधील मांडणी येथे अधिक उपयोगी पडते. त्यांच्या मते खेळाडू खेळापुरती काही उद्दिष्टे अंगीकारतो, ती मनापासून पाळतो, आणि खेळ संपल्यावर उतरवून ठेवतो. तसे असेल तर मोह हाही त्याने काही काळ अंगीकारलेला खरा मोह असतो. तो खोटा म्हणून उडवून लावता येत नाही, तसाच तो त्याच्या घरच्या नीतीचा पुरावाही ठरत नाही. 'अंडरटेल' ही दुसरी मर्यादा कधीकधी ओलांडतो.

२००८ मधील 'फेबल २' च्या अखेरीस तीन पर्याय येतात. हजारो अनोळखी मृतांना जीवदान. किंवा स्वतःचे कुटुंब आणि गोळी अंगावर घेऊन मेलेला कुत्रा यांचे जीवदान. किंवा दहा लाख सुवर्णनाणी. घरे-दुकाने विकत घेऊन भाड्यावर श्रीमंत झालेल्या खेळाडूला नाण्यांची मातब्बरी वाटत नाही, त्यामुळे तिसरा पर्याय निकामी आहे. कुत्र्याचे तसे नाही. तो सबंध खेळभर पायाशी असतो, पुरलेला खजिना हुंगून काढतो, धोका आला की गुरगुरतो. त्याच्या जाण्याने खेळाडूला पुढे खरोखर कमी दिसते आणि कमी सापडते. हजारो जीव निवडणाऱ्याला या उणिवेसह खेळत राहावे लागते, आणि वाटेवर चालताना ती पावलोपावली जाणवते. पुढे वेगळ्याने विकल्या गेलेल्या पुरवणीत कुत्रा परत मिळवण्याची सोय करण्यात आली. येथेही तोच लेखनिक, पाठ सारखा करीत बसलेला.

२००४ च्या पाठाच्या जुन्या प्रती अजून काही जणांकडे आहेत. नंतरच्या काळात सर्वत्र मिळत राहिला तो मात्र विस्तारित पाठ; २०१४ मध्ये नव्या रूपात निघालेली आवृत्तीही त्याच्याचवर आधारलेली होती. म्हणजे आज 'फेबल' प्रथमच खेळावयास घेणारा विद्यार्थी भोवऱ्यापाशी येतो, तेव्हा त्याच्यासाठी दुसरी तलवार पुढे कोठेतरी ठेवलेलीच असते. ज्या खेळाडूला थेरेसा जिवंत राहण्यापलीकडे काहीच मिळत नव्हते, त्याचा अनुभव अभ्यासावयाचा तर मूळ यंत्र आणि मूळ तबकडी मिळवावी लागेल.